सादळलेलं ब्रेक ऑइल

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कऱ्हाडहून लग्न आटोपून आम्ही चिपळूणला परत येत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत आहेराची भांडी आणि गुळाच्या दोन ढेपा. हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाट उतरायला लागलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पुढे सिमेंटचा ट्रक होता. त्याला ओलांडायला जागा मिळेना, म्हणून तिसऱ्या गिअरमध्येच, ब्रेकवर पाय ठेवून मी त्याच्या मागे मागे उतरत राहिलो. आठ-दहा वळणं गेली असतील. एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा जरा जास्त खाली गेलं. पुढच्या वळणावर ते मऊ लागलं, ओल्या बोळ्यावर पाय द्यावा तसं. त्याच्या पुढच्या वळणावर ते थेट जमिनीला टेकलं आणि गाडीचा वेग काही कमी होईना.

शेजारी अण्णा बसले होते. माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते आणि याच घाटात त्यांच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली. माझ्या पायाची हालचाल बघूनच त्यांना कळलं. आवाज न चढवता म्हणाले, "पंप मार. मारत राहा. आणि दुसऱ्यात घाल."

भराभर पेडल मारल्यावर थोडा ब्रेक लागला. दुसरा गिअर पडला, इंजिन ओरडलं, वेग उतरला. मग पहिला. डोंगराच्या कुशीला थोडी रुंद जागा दिसली तिथे हँडब्रेक ओढत गाडी उभी केली. अण्णांनी उतरून आधी पुढच्या चाकांना दगड लावले, मग आईला आणि पोराला खाली उतरवलं. पुढच्या चाकांतून तापलेल्या पॅडचा करपट वास येत होता. मी पेडल पुन्हा दाबून बघितलं. नुसतं पोकळ.

चाळीस मिनिटं थांबलो. पेडल पुन्हा दाबलं तर ते पहिल्यासारखं घट्ट! जणू काही झालंच नव्हतं. त्या घट्टपणाचीच मला जास्त भीती वाटली. उरलेला घाट पहिल्या गिअरमध्ये उतरून आम्ही पोफळीला आलो आणि तिथून पुढे बहादूरशेख नाक्यापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने आवारातच दोन फेऱ्या मारल्या, करकचून ब्रेक लावला, चाकं खोलून बघितली. म्हणाला, "ब्रेक तर मस्त लागतायत. पॅड अजून अर्धे आहेत. ब्रेक ऑइलची डबीही फुल आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. थंड गाडीत दोष दिसतच नव्हता. मी विचारलं, ऑइल शेवटचं कधी बदललं? तो म्हणाला, "ब्रेक ऑइल कोण बदलतं? कमी झालं की टाकायचं."

घरी येऊन बिलांची फाइल काढली. गाडी २०१२ ची, मी २०१७ साली वापरलेली घेतली. तेव्हापासून इंजिन ऑइल दर वर्षी बदललेलं, पॅड दोनदा, मागचे लायनर एकदा. ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद एकाही बिलावर नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात मात्र स्वच्छ लिहिलं होतं, दर दोन वर्षांनी. ते पान मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

ब्रेक ऑइल म्हणतो आपण त्याला, पण ते तेल नाही. बहुतेक गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून बनतं. पाण्यात मिसळतं, आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. आषाढात पापडाचा डबा दोन मिनिटं उघडा राहिला तर काय होतं ते आपण जाणतो. पापड सादळतो, मीठ सादळतं, काडेपेटी सादळते. ब्रेक ऑइलही सादळतं. फरक इतकाच की पापड हातात घेतल्यावर कळतो, हे कळत नाही. डबीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असते, तिथून ओल शिरते. चाकापर्यंत जाणाऱ्या रबरी पाइपांच्या अंगातूनही ती वर्षानुवर्षं झिरपत राहते.

ब्रेक ऑइलच्या प्रती डॉट ३, डॉट ४ अशा नावांनी ओळखतात. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. आता घाटाचा हिशेब करा. माणसं-सामानासह माझी गाडी साधारण १३०० किलो भरते. ती दर १०० मीटर उंची उतरताना जी ऊर्जा सुटते ती सगळी ब्रेकने अडवायची म्हटली, तर तेवढ्या उष्णतेत चार लिटर पाण्याला उकळी येईल. शंभर मीटरला चार लिटर. मी आठ-दहा वळणं हेच करत होतो. ती उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या, म्हणजे पॅड दाबून धरणाऱ्या पकडीच्या, पिस्टनमध्ये, तिथून त्याच्या मागच्या ऑइलमध्ये गेली आणि ऑइल उकळलं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ दाबली जाते. माझा पाय ब्रेक लावत नव्हता, वाफेचे बुडबुडे चेपत होता. चाळीस मिनिटांत वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल घट्ट झालं. गॅरेजवाल्याला काही सापडलं नाही ते यामुळेच.

रात्री हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या गाडीला हवेचे ब्रेक. हवा दाबली की तिच्यातली ओल टाकीत साचते. रोज सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी टाकीखालचा कॉक उघडायचा आणि पाणी सोडायचं. पावसाळ्यात तर फसफसून पाणी यायचं. तुझ्या गाडीतलं पाणी कुठून सोडतात?"

कुठूनच नाही. पाणी तळाला साचत नाही, ऑइलमध्ये एकजीव होऊन जातं. ते काढायचं तर ऑइलच काढावं लागतं, चारही चाकांतून. म्हटलं, हे आपण घरी करू. गॅरेजमध्ये टाकलं असतं तर डबीतलं जुनं उपसून नवं ओतलं असतं, एवढंच. आणि खरं खराब ऑइल चाकांपाशी, कॅलिपरमध्ये बसलेलं असतं. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. अण्णा म्हणाले, "पेडलवर मी बसतो."

तयारीला आठवडा गेला. अर्ध्या लिटरच्या डॉट ४ च्या दोन सीलबंद बाटल्या आणल्या. डबीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलेलं आहे. डॉट ३ आणि डॉट ४ एकमेकांत मिसळलेले चालतात, आणि डॉट ४ जास्त उष्णता सोसतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात कधीच मिसळायचं नाही. डॉट ५.१ पुन्हा ग्लायकॉलचं. नावं अशी ठेवली आहेत की माणूस हमखास फसावा, म्हणून दुकानात नुसतं 'पाच नंबर द्या' म्हणू नये. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज घेतली. मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून काचेसारखी पारदर्शक नळी, मीटरभर. ८ आणि १० चे रिंग पाने घरात होते. साधा, उघड्या तोंडाचा पाना इथे वापरायचा नाही, निप्पलचे (चाकापाशी ऑइल बाहेर सोडायच्या बारीक स्क्रूचे) कोपरे गोल होतात आणि मग ते निघत नाही. डोळ्यांना लावायचा चष्मा, हातमोजे, जुनी धोतरं फाडून केलेली फडकी, पाण्याच्या दोन बादल्या. बादल्या रंगासाठी. ब्रेक ऑइलचा थेंब गाडीच्या रंगावर राहिला तर रंग फुगून निघतो, पण लगेच पाणी ओतलं तर तो धुऊन जातो. पुसायचं नाही, आधी पाणी ओतायचं.

गाडी उचलण्याबद्दल एक गोष्ट कोकणातल्या लोकांना मुद्दाम सांगतो. आपल्याकडे घराच्या कडेला चार जांभ्याचे चिरे पडलेले असतातच, आणि हात आपसूक तिकडे जातो. चिरा टायरला अडवण म्हणून ठीक आहे. गाडीखाली टेकू म्हणून कधीही नाही. जांभा भाराखाली न सांगता फुटतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हेही तसंच. मी मित्राकडून लोखंडी स्टँड आणले, खळ्यातल्या फरशीवर जाड फळी टाकली आणि त्यावर ते बसवले. गाडी उचलून स्टँडवर टेकवल्यावर अण्णांनी दोन्ही हातांनी ती हलवून बघितली, मगच मला चाकाजवळ बसू दिलं.

पेडलखालच्या ठोकळ्याची कल्पनाही अण्णांचीच. वाचनात आलं होतं की ब्लीडिंग करताना, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढताना, पेडल पार खाली जाऊ द्यायचं नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचा, पिस्टन जेवढा फिरतो तेवढा भाग घासून गुळगुळीत असतो. त्याच्या पुढच्या भागात वर्षांची घाण आणि गंज असतो. रबरी सील त्या भागावरून गेलं की फाटायची भीती. पेडलखाली काय ठेवावं याचा मी विचार करत होतो, तर अण्णांनी माळ्यावरून आंब्याच्या रिकाम्या पेटीच्या फळ्या आणल्या, बरोबर मापाने तीन एकावर एक ठोकल्या आणि पेडलखाली ठेवल्या.

शनिवारी संध्याकाळी चारही निप्पलांवरची रबरी टोपणं काढून तारेच्या ब्रशने माती साफ केली आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. मे महिन्यात आपल्याकडे हवा कोरडी नसतेच, पण पावसाळ्याच्या मानाने बरी. बाटली मात्र लागेल तेव्हाच उघडायची आणि ओतलं की लगेच बूच लावायचं, हा नियम आईवर सोपवला. तिने तो पापडाच्या डब्याइतक्याच काटेकोरपणे पाळला.

पहिलं काम डबी रिकामी करण्याचं. इंजिन बंदच. सिरिंजला नळीचा तुकडा लावून जुनं ऑइल उपसलं. बाहेरून बघताना डबीच्या पिवळट प्लॅस्टिकमुळे ते बरं दिसायचं. सिरिंजमध्ये आल्यावर रंग कळला, उकळून उकळून काळा झालेला चहा. नव्या बाटलीतलं शेजारी धरलं तर ते फिक्या मधासारखं. रंगावरून पाणी किती हे सांगता येत नाही, रबराचा आणि धातूचा मळ मिसळूनही ऑइल काळं पडतं. पण हे ऑइल जुनं आहे याबद्दल शंका उरली नाही. डबीचा तळ पूर्ण कोरडा केला नाही. खालची भोकं उघडी पडली तर हवा आत जाते, म्हणून थोडं राखून वर नवं ओतलं.

चाकांचा क्रम सांगायचा तर मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे मास्टर सिलिंडरही उजवीकडे. मग मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, कारण त्यांचे ब्रेक तिरक्या जोड्यांत वाटलेले असतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे असेल ते पाळावं.

मागच्या डाव्या चाकाने दीड तास घेतला. निप्पल हलेना. इतकी वर्षं ते कुणी उघडलंच नव्हतं, हा त्याचा पुरावाच. निप्पल आतून पोकळ असतं, जोर जास्त झाला तर मान मोडते, आणि मोडलं की मागचा सगळा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) बदलावा लागतो. मी स्प्रे मारला, थांबलो. पान्यावर हातोडीने हलके टिचके मारले, घट्ट करायच्या दिशेने अगदी केसभर, मग सोडायच्या दिशेने. पुन्हा स्प्रे, पुन्हा थांबलो. मधे आईने घावणे आणले, ते खाल्ले. तिसऱ्या खेपेला पाना 'कट्' करून सरकला. इतका बारीक आवाज, पण पेडलवर बसलेल्या अण्णांनी तो ऐकला आणि म्हणाले, "सुटला."

मग खरं काम सुरू झालं. निप्पलवर रिंग पाना, त्यावर नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. बाटलीच्या तळाशी आधीच थोडं नवं ऑइल ओतून ठेवलं होतं, नळीचं तोंड त्यात बुडेल इतकं, म्हणजे चुकून उलटं ओढलं गेलं तरी हवा न जाता ऑइल जाईल. पद्धत सोपी आहे. वरच्याने पेडल दोन-तीनदा मारून दाबून धरायचं. खालच्याने निप्पल पाव आटा सोडायचं. ऑइल नळीत येतं, पेडल हळूहळू खाली जातं. ते दाबलेलं असतानाच निप्पल बंद करायचं. मग वरच्याने पाय उचलायचा. निप्पल उघडं असताना पाय उचलला तर हवा आत. संपूर्ण कामाचं मर्म या एका गोष्टीत आहे.

आणि तीच चूक आमच्याकडून झाली. मी चाकाच्या कमानीत डोकं घालून बसलेलो, अण्णा आत. मी "धरा" म्हणालो ते त्यांना "सोडा" असं ऐकू गेलं. इतकी वर्षं इंजिनशेजारी बसून त्यांचे कान जरा मंदावलेत, आणि माझा आवाज कमानीतच घुमत होता. त्यांनी पाय उचलला तेव्हा निप्पल उघडंच होतं. नळीतलं ऑइल सर्रकन मागे गेलं. टोक बुडालेलं होतं म्हणून बरं, पण निप्पलच्या आट्यांमधून थोडी हवा शिरलीच. पुढच्या दाबाला नळीत बुडबुड्यांची माळ आली.

मी बाहेर आलो. अण्णांना वाईट वाटलं होतं. मिनिटभर थांबून म्हणाले, "तोंडाने सांगू नकोस. घंटी दे." मला लगेच कळेना. मग त्यांनी समजावलं. कंडक्टर कधी ओरडून सांगत नाही. एक घंटी, थांबा. दोन घंट्या, चला. तीस वर्षं त्यांचा पाय त्या दोरीच्या आवाजावर हलला होता. ठरलं: मी हातातल्या सुट्या पान्याने स्टँडवर एक टोला दिला की दाबून धरायचं, निप्पल बंद करून दोन टोले दिले की सोडायचं. त्यानंतर दुपारपर्यंत एकदाही चूक झाली नाही. टण्. पेडल खाली. निप्पल उघड, ऑइल येऊ दे, निप्पल बंद. टण् टण्. पाय वर. शेजारची मुलं कुंपणावर बसून बघत होती.

दर पाच-सहा दाबांनंतर मी उठून डबी बघत होतो. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथे होते. खाली रंग बघण्यात लक्ष गुंततं आणि वर डबी आटते; मग मास्टर सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून. आईला डबीवरची खालची रेघ दाखवून ठेवली होती. दोनदा तिनेच हाक मारली.

या चाकातून आधी आलेलं ऑइल डबीतल्यापेक्षाही वाईट होतं. तपकिरी, गढूळ, तळाला काळी पूड. पंधराव्या-सोळाव्या दाबाला नळीत रंग पालटायला लागला. काळ्याच्या मागे पिवळसर धागा दिसला, तो रुंद होत गेला. पंचविसाव्या दाबाला नळी स्वच्छ. मी आणखी चार दाब घेतले. बाटलीत सुमारे २०० मिली ऑइल जमलं होतं. ती बाटली मी अण्णांना खिडकीतून दाखवली. त्यांनी उन्हात धरून बराच वेळ बघितली. "ह्याच्यावर आपण पाच माणसं घाट उतरलो," एवढंच बोलले.

मागचं उजवं चाक लवकर झालं. निप्पल पहिल्याच प्रयत्नात सुटलं आणि पंधरा-सोळा दाबांत ऑइल स्वच्छ आलं. पुढच्या दोन्ही चाकांचं विशेष सांगण्यासारखं नाही. कॅलिपर मोठा, त्यामुळे एका दाबाला ऑइल जास्त येतं. पुढचं उजवं चालू असताना एक थेंब मडगार्डवर उडाला, आईने बादलीच ओतली. चाकं काढलेलीच होती म्हणून रबरी पाइप वाकवून भेगा आहेत का बघितल्या, मागच्या व्हील सिलिंडरांच्या टोप्या उचलून ओल आहे का तेही बघितलं. सगळं कोरडं होतं. निप्पल बंद करताना जोर मनगटाचा लावायचा, खांद्याचा नाही. टोपणं परत बसवली, सगळीकडे पाणी मारून पुसलं.

शेवटची तपासणी गाडी खाली घेतल्यावर. आधी इंजिन बंद ठेवूनच पेडल मारलं. दोन-तीन दाबांत घट्ट झालं. मग पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरलं. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय. गेलं नाही. पेडल दाबलेलं असताना इंजिन सुरू केलं तेव्हा ते बोटभर खाली आलं आणि थांबलं. अण्णा दचकून माझ्याकडे बघायला लागले. हे असंच व्हायला पाहिजे, इंजिन सुरू झालं की पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मदतीला येतो. चारही निप्पलांभोवती कोरडा कागद फिरवला. डबी वरच्या रेघेपर्यंत भरली, त्याहून जास्त नाही. मग घरासमोरच्या गल्लीत, माणसाच्या चालीने, पुढे-मागे. मग रस्त्यावर वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या.

माझ्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही म्हणून हे काम इतकं सरळ झालं. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीतही नुसतं ऑइल बदलणं याच पद्धतीने होतं, पण डबी आटून एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला बऱ्याच गाड्यांत संगणक जोडावा लागतो. तिथे घरी हात घालण्याआधी दोनदा विचार करावा. आणि पेडलवर बसणारा माणूस आपलं ऐकणारा नसेल तर कुठल्याच गाडीत करू नये.

जुनं ऑइल जवळपास ८०० मिली निघालं. आमच्या परड्यात विहीर आहे, त्यामुळे ते मातीत किंवा गटारात ओतण्याचा प्रश्नच नव्हता. वेगळ्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून, वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याला दिलं. दुसऱ्या बाटलीत थोडं नवं उरलं होतं. अण्णांना वाटलं, ठेवून देऊ, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. मी म्हटलं, अण्णा, फोडलेली बाटली पावसाळा काढणार नाही. त्यांनी ती स्वतःच उचलून कॅनमध्ये रिकामी केली.

दोन आठवड्यांनी, पाऊस सुरू व्हायच्या आत, आम्ही दोघंच घाटात गेलो. कोयनानगरला चहा घेतला आणि उतरायला लागलो. या वेळी माथ्यापासूनच दुसरा गिअर. अण्णांनी लहानपणापासून सांगितलेलं, ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, ते मी या खेपेला वळणावळणाला पाळलं. ऑइल नवं असलं तरी उष्णता तीच असते; इंजिनाने निम्मी अडवली तर ब्रेकला तेवढी कमी. ब्रेक लावायचा तर नीट लावायचा, वेग उतरला की पाय पूर्ण काढायचा. जिथे गाडी थांबवली होती ती जागा आली. पेटवलेल्या उदबत्तीकडे बघावं तसं एकटक समोर बघत अण्णांनी हात जोडले. पेडल तळापर्यंत कुठेच गेलं नाही, पहिल्या वळणावर जितकं होतं तितकंच शेवटच्या वळणावर.

पोफळीला उतरून अण्णांनी पुढच्या चाकाजवळ तळहात धरला, न टेकवता, बसच्या ड्रमजवळ धरायचे तसा. "गरम आहे, पण बेताचं," म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून जुनी डायरी काढली, नोकरीत असताना गाडीची कामं लिहून ठेवायचे ती. एका कोऱ्या पानावर तारीख घातली, किलोमीटर लिहिले, खाली लिहिलं: ब्रेक ऑइल, चारही चाकं. त्याच्या खाली दोन वर्षांनंतरचा मे महिना लिहून पुढची जागा मोकळी ठेवली. पेटीच्या तीन फळ्या आणि नळी सुतळीने एकत्र बांधून त्यांनी माळ्यावर ठेवली आहेत.